सकाळी चाक नुसतं फिरतं, दुपारी गाडी फेकते: ग्रासट्रॅकचं सेटिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नोकरीनिमित्त इंग्लंडात केंटमध्ये राहतात. पुण्या-नाशिककडे डर्ट ट्रॅक आणि मोटोक्रॉस केलेलं आहे. आता ग्रासट्रॅकसाठी, म्हणजे गवताच्या शेतावरच्या मोटारसायकल शर्यतींसाठी, ५०० सीसीची जुनी अपराईट (उभ्या इंजिनाची) जावा घेतली आहे. सकाळच्या हीटमध्ये (दिवसभरातल्या छोट्या शर्यतींपैकी एकीत) मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी पुढे जात नाही. दुपारी तीच गाडी, त्याच सेटिंगवर, वळणातून बाहेर पडताना उजव्या बाजूला फेकून देते. टायर बदलावा, गिअरिंग बदलावं, की इंजिन कुणाला तरी दाखवावं?

इंजिनाला हात लावू नका. सकाळच्या आणि दुपारच्या तक्रारीत गाडी तीच होती, बदलली ती जमीन. ग्रासट्रॅकवर नवा माणूस इथेच चुकतो. गाडी एकदा 'सेट' झाली की दिवसभर चालेल, असं तो धरून चालतो. स्पीडवेला हे काही अंशी जमतं, कारण तिथला ट्रॅक कायमचा असतो, वर ठरावीक खडीचा थर असतो आणि मधूनमधून तो सारखा केला जातो. ग्रासट्रॅक म्हणजे गवत कापून रोलर फिरवलेलं शेत. दोन सरळ पट्टे, दोन डावी वळणं, बहुतेक शर्यती चार फेऱ्यांच्या. पहिल्या हीटला जे गवत असतं ते दहाव्या हीटला उरलेलं नसतं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे एका शब्दात सांगता येतं: वाफसा. पेरणीला जो ओलावा लागतो, तोच टायरलाही लागतो. माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे आणि ट्रॅक धरणार. गोळा बोटांना चिकटून राहिला तर अजून ओल जास्त आहे. गोळा होतच नसेल तर वाफसा गेला. सराव सुरू होण्याआधी ट्रॅक पायी फिरायची मुभा असते. तेव्हा ही चाचणी एका ठिकाणी न करता वळणाच्या तोंडाशी, वळणाच्या मध्यावर आणि बाहेरच्या कडेला, अशी तीन ठिकाणी करा. तिन्हींचं उत्तर बहुधा वेगळं येतं.

केंटमध्ये याला आणखी महत्त्व आहे. वील्डच्या भागात चिकणमाती आहे. ती ओली असली की साबण, सुकली की फरशी, आणि मधला काळ छोटा. नॉर्थ डाउन्सच्या चढणीवर खाली खडूचा दगड, वर मातीचा पातळ थर. पाणी पटकन निचरतं, पण वरची माती उडाली की पांढरट कडक तळ उघडा पडतो. हॉलंड आणि उत्तर जर्मनीतल्या वाळूमिश्रित शेतांत ट्रॅक इतका चंचल नसतो, पण खड्डे लवकर पडतात. तिथल्या रायडरचं सेटिंग ऐकून जसंच्या तसं केंटमध्ये लावायला जाऊ नका. (जाता जाता: आज जिथे डांबरी सर्किट आहे ते केंटमधलं ब्रँड्स हॅच आधी गवताचाच ट्रॅक होतं. तिथे डांबर पडलं १९५० साली.)

आता दिवस कसा सरकतो ते बघू. सकाळी दव असतं. टायर मातीला नाही, आडव्या झालेल्या ओल्या पात्यांना लागतो, म्हणून चाक फिरतं. पाच-सहा हीटमध्ये आतली रेघ सोलून निघते, खालची दमट माती उघडी पडते आणि पकड एकदम वाढते. साधारण अकराच्या सुमाराला, ढगाळ दिवस असेल तर आणखी उशिरा, ट्रॅक सगळ्यात चांगला असतो आणि सगळ्यात धोकादायकही तेव्हाच असतो. पुढे आतली रेघ टायरनी घासून काळपट, चकचकीत होते. तिथली सुटी माती सगळी बाहेर फेकली जाते आणि दोन-तीन मीटर बाहेर तिचा एक पट्टा जमतो. दुपारी पकड त्या पट्ट्यात असते, आत नसते. त्यातच वळणाच्या तोंडाशी आणि बाहेर पडण्याच्या जागी चर पडतात. चर, चकाकी आणि सुटी माती दहा पावलांत एकामागून एक येतात. तुमची गाडी फेकते ती इथे.

फेकते कशी ते नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातच आहे. वळणात मागचं चाक फिरत असतं आणि बाहेर सरकलेलं असतं, हँडल उलट्या बाजूला वळलेलं असतं. गाडी तिरकी राहते ती चाक फिरतंय म्हणूनच. अशा वेळी चाक चकचकीत पट्ट्यावरून एकदम धरणाऱ्या मातीत गेलं, किंवा तुम्ही घाबरून रेस सोडली, की चाकाचं फिरणं थांबतं. घसरणारा टायर क्षणात पकडतो, गाडी झटक्यात सरळ उभी राहते आणि वर बसलेला माणूस उजवीकडे उडतो. हाच हायसाइड. मोटोक्रॉसवाल्याच्या बाबतीत नव्वद टक्के वेळा कारण रेस सोडणं हेच असतं. वर्षानुवर्षं हाताला सवय झालेली असते: गाडी सरकली, बंद कर, ब्रेक धर. इथे ५०० सोलोला (साइडकार नसलेल्या गाडीला) ब्रेकच नाहीत आणि रेस बंद करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. मागचं चाक जास्तच बाहेर गेलं तर मूठ जेमतेम पाव इंच परत आणा, पूर्ण सोडू नका, आणि अंग मागे न्या.

अंगाचं वजन हा तुमचा दुसरा ॲक्सिलरेटर आहे. पुढे सरकलात की मागच्या चाकावरचा भार कमी होतो, ते जास्त फिरतं, गाडी जास्त तिरकी होते. मागे सरकलात की चाक धरतं आणि गाडी सरळ होऊ लागते. वळणात शिरताना क्षणभर रेस कमी करा, गाडी डावीकडे झोपवा, डावा पाय पुढे टाका, सगळं वजन उजव्या फूटपेगवर घ्या आणि लगेच रेस द्या. मग गाडी वळते. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं. डाव्या पायाच्या बुटावर पोलादी तळ असतो. तो पाय जमिनीवरून हलका घसरत न्यायचा असतो, त्यावर भार टाकायचा नसतो. पाय चरात अडकला तर गुडघा जातो. वळणाच्या मध्यावर तुमचे खांदे हँडलच्या पुढे आहेत की मागे, हे कुणाला तरी कडेला उभं करून मोबाइलवर टिपायला सांगा. स्वतःला ते कधीच कळत नाही.

बाहेर पडताना उलटं. गाडी आधी थोडी सरळ होऊ द्या, तोवर वजन हळूहळू मागे आणा, आणि चर दिसतोय तिथे गाडी तिरकी असताना जाऊच नका. चराच्या आत किंवा बाहेर रेघ धरा, जिथे चाक एकाच प्रकारच्या मातीवर राहील. बाहेरून जायला दोन-तीन मीटर जास्त पडतात, पण सुट्या मातीच्या पट्ट्यात वेग टिकतो. साधा हिशोब करा. सहाशे मीटरची फेरी सरासरी ताशी ९० किलोमीटरने चोवीस सेकंदांत होते. तीन मीटर जास्त म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. आतल्या चकचकीत रेघेवर चाक फिरवत बसलात तर त्याच्या तिप्पट वेळ एका वळणात जातो.

गिअरिंग

तुमच्या गाडीला दोन गिअर आहेत. पहिला फक्त स्टार्टसाठी. सरळ पट्ट्यावर टॉप पडला की चारही फेऱ्या टॉपमध्येच. म्हणजे चार फेऱ्यांचं भवितव्य स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या, दातांवर. हिशोब असा: क्लचच्या स्प्रॉकेटचे दात भागिले इंजिनाच्या स्प्रॉकेटचे, गुणिले मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटचे दात भागिले गिअरबॉक्सच्या पुढच्या स्प्रॉकेटचे. उदाहरणापुरते आकडे घेऊ: इंजिन २०, क्लच ४४, पुढचं १५, मागचं ५८. एकूण रेशो सुमारे ८.५. १९ इंची रिमवरच्या टायरचा घेर अंदाजे २.०५ मीटर. तर ९,००० आरपीएमला चाकाचा वेग ताशी १३० किलोमीटर. चाक पंधरा टक्के फिरतंय असं धरलं तर गाडीचा खरा वेग ११० च्या आसपास.

मागचा एक दात म्हणजे इथे १.७ टक्के, इंजिनाचा एक दात म्हणजे ५ टक्के. म्हणून बारीक फरक नेहमी मागे करा. ५६ ते ६१ अशी सहा स्प्रॉकेटं जवळ ठेवलीत तर दिवस निभतो. नवा ट्रॅक फारच लांब किंवा आखूड असेल तरच इंजिनाच्या स्प्रॉकेटला हात लावा.

कुठे वाढवायचं आणि कुठे कमी करायचं, यात लोक उलटं करतात. सकाळी चाक फिरतं म्हणून 'ताकद कमी पडतेय' असं वाटतं आणि मागे दात वाढवले जातात. त्याने चाक आणखी फिरतं. निसरड्या जमिनीवर मागचे दात एक-दोनने कमी करा, म्हणजे इंजिनाचा झटका मऊ होईल. ट्रॅक धरायला लागला, माती जड झाली आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन दबल्यासारखं वाटलं की दात वाढवा. तुमच्यासाठी सुरुवात: सकाळी ५७, माती उघडी पडल्यावर ५९, चकाकी आल्यावर पुन्हा ५७. आकडे तुमच्या ट्रॅकनुसार सरकतील, दिशा हीच राहील. गिअरिंग बदलूनही झटका जास्त वाटला तर इग्निशनचं टायमिंग दोन अंश मागे घ्या. त्याने ताकद थोडी जाते पण मुठीला गाडी ऐकते.

दात बदलले की चेनचा ताण पुन्हा बघायलाच हवा, आणि तो स्टँडवर बघून भागत नाही. या गाडीला मागे सस्पेन्शन आहे. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची पिन आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात घट्ट होते. शॉकॉब्सरचा खालचा बोल्ट काढून स्विंगआर्म त्या जागी आणा, तिथे बोटभर ढील ठेवा आणि स्टँडवर तेव्हा किती ढील दिसते ते मोजून लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेवढंच मापायचं.

टायर आणि सस्पेन्शन

मागच्या टायरात १० पीएसआयपासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच पीएसआय हलवा. हवा कमी केली की पकड वाढते, पण चरात रिमला मार बसतो आणि टायर रिमवर सरकतो. म्हणून रिमलॉक (टायर रिमला आवळून धरणारा तुकडा) घट्ट असलाच पाहिजे, नाहीतर टायर सरकताना ट्यूबचा वॉल्व्ह उपटून निघतो. वॉल्व्हच्या मुळाशी असलेला नट रिमपासून दोन-तीन दोरे सैल सोडा. वॉल्व्ह तिरका झालेला दिसला की समजा टायर सरकतोय.

टायरच्या ठोकळ्यांची धार पकडते, रबर नव्हे. एकाच बाजूला वळत असल्यामुळे डावा खांदा आणि ठोकळ्यांची एकच धार झिजते. ती गोल झाली की टायर फेकायचा नसतो. रिमवरून काढून उलटा चढवायचा. फिरण्याची दिशा बदलते, नवी धार पुढे येते आणि न झिजलेला खांदा डावीकडे येतो. एका टायरमध्ये दोन टायर. तुमची सकाळची तक्रार निम्मी एवढ्यानेच जाईल.

मोटोक्रॉसच्या सवयीने सस्पेन्शन कडक केलं असेल तर सैल करा. इथे उड्या नाहीत, बारीक सलग खड्डे आहेत. कडक शॉकॉब्सरमुळे चाक टप्पे घेतं, म्हणजे पकड येते-जाते-येते. वर सांगितलेल्या हायसाइडला यापेक्षा चांगलं निमंत्रण नाही. बसल्यावर एकूण हालचालीच्या एक तृतीयांश दबलं पाहिजे.

स्टार्ट

चार फेऱ्यांच्या शर्यतीत पहिल्या वळणाला पुढे असलेला माणूस मागच्यांना मातीचा मारा देतो, त्यामुळे स्टार्टला अतोनात किंमत आहे. ताणलेली पट्टी सुटली की निघायचं. पट्टीला आधी धडकलात तर हीटमधून बाहेर. त्यामुळे क्लच चिकटत असेल तर ते आधी बघा: गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला आणि तरी गाडी पुढे सरकतेय, तर प्लेटा गरम होऊन वाकल्यात किंवा केबलला ढील जास्त आहे. दोन स्टार्टमध्ये क्लच धरून रेस देत उभं राहणं हे प्लेटा जळण्याचं पहिलं कारण. न्यूट्रलमध्ये थांबा, शेवटच्या क्षणी गिअर टाका.

गेटवर ओलं गवत शिल्लक असलेली जागा मिळाली तर रेस कमी ठेवा आणि अंग थोडं मागे. उघडी दमट माती मिळाली तर छाती टाकीवर आणा, नाहीतर पुढचं चाक उचलेल आणि तुम्हाला रेस सोडावी लागेल. बुटाने जागा खरवडायला किती परवानगी आहे ते त्या दिवसाच्या नियमांत बघा.

मेथनॉल

ही मैसूरची आयडियल जावा नव्हे, हे एव्हाना कळलं असेल. चेक देशातल्या डिविशोव्हला एसो नावाचा शर्यतीच्या गाड्यांचा कारखाना होता. तो १९६४ साली जावात सामील झाला, तिथली ही जात. तिचं इंजिन पितं ते शुद्ध मेथनॉल. पेट्रोलला हवा साधारण १४.७ पट लागते, मेथनॉलला ६.४ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला सव्वादोन पटींहून जास्त इंधन. जेट (कार्ब्युरेटरमधलं इंधन सोडणारं बारीक भोक), कॉक, पाइप, फिल्टर सगळं त्या मापाचं हवं. सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिन मिसिंग करू लागलं आणि वळणात पुन्हा ठीक झालं, तर जेट बदलण्याआधी फिल्टर उघडा. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली इंधनाची वाटी, रिकामा पडत असतो. आत पांढरी भुकटी किंवा चिकट साय दिसेल: मेथनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ॲल्युमिनियम-जस्त खातं, त्याचा तो साका.

मेथनॉलवर मिक्श्चर थोडं रिच झालं (इंधन जास्त) तर इंजिन खपवून घेतं; लीन झालं (इंधन कमी) तर पिस्टनला भोक पडतं. शंका आली की मोठा जेट. कार्ब्युरेटरवर बाहेरून दव किंवा बर्फाची साय दिसली तर घाबरू नका. इंधनाची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, त्याचंच ते लक्षण.

तेल एरंडेलाचं. पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या जागेत) जो गोडसर जळका वास येतो तो त्याचा. एरंडेल मेथनॉलमध्ये विरघळतं, पेट्रोलमध्ये धड विरघळत नाही, म्हणून शेवटी इंजिन पेट्रोलवर धुवायचं ठरवलं तर दोन्ही एकाच टाकीत मिसळू नका, चोथा होतो. गाडीखाली तेल शोषणारी चटई अंथरा. शेत दुसऱ्याचं असतं आणि उद्या तिथे गुरं चरतात.

सुरक्षेचं दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, पण एवढं तरी: मेथनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. कुणी विनाकारण अंग झटकत असेल तर त्याला आग लागली असं समजून पाणी ओता. ते पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्याने विझतं. कातडीतूनही शरीरात जातं, म्हणून ब्यूटाइल रबरचे हातमोजे घाला. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूतलं विष हेच. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते कधीही, पाच मिनिटांसाठीही, ओतून ठेवू नका.

दोन हीटमधली वीस मिनिटं

सगळ्यात आधी चिखल. मागच्या मडगार्डखाली आणि इंजिनाच्या पुढे तो थापून बसतो, तीन-चार किलो सहज भरतो. लाकडी पट्टीने खरवडा. पाण्याचा मारा केलात तर क्लचमध्ये आणि इग्निशनमध्ये पाणी जातं. मग हात फिरवत याच क्रमाने: मागच्या ॲक्सलचा नट, चेनचा ताण आणि जोडकडीची क्लिप (बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेला), मागच्या चाकाचे स्पोक बोटाने वाजवून, हँडलचे क्लॅम्प, तेलाची पातळी. कट-आउटची दोरी मनगटाला बांधून ओढून बघा. इंजिन चालू असताना ओढायची आणि ते बंद पडलं पाहिजे. 'चालते हो, मागच्या आठवड्यात बघितली होती' हे उत्तर चालत नाही. ब्रेक नसलेल्या गाडीला बंद करण्याचा तुम्ही पडल्यावर उरणारा हा एकच मार्ग. पोलादी बुटाचा पट्टा बघा, त्याची कडी झिजून तुटते.

हे झालं की उरलेला वेळ गाडीजवळ न बसता वळणाच्या बाहेरच्या दोरीपाशी जा. पुढच्या दोन हीट कोण जिंकतं ते बघू नका. जो पाचवा-सहावा चाललाय, त्याचं मागचं चाक कुठे फिरतं आणि कुठे धरतं ते बघा. पाण्याचा टँकर फिरला का, कुठल्या वळणावर जास्त पडलं, हेही डोळ्यांत ठेवा. टँकरनंतरची पहिली हीट पुन्हा सकाळसारखी असते, म्हणजे ५७.

वही ठेवा. हीटचा नंबर, वेळ, माती (ओली, वाफसा, चकाकी), मागचे दात, हवा, गाडी फिरली की दबली, एवढेच रकाने. तीन मीटिंगनंतर तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

लायसन्ससाठी ऑटो-सायकल युनियनकडे जावं लागेल आणि एखाद्या क्लबचं सभासद व्हावं लागेल. क्लबचा प्रॅक्टिस डे असेल तर पहिली शर्यत लावण्याआधी तो धरा. अपराईट इंजिन घेतलंत ते बरंच केलं. आडव्या इंजिनाच्या गाड्या जास्त वेगवान आहेत, पण अपराईटचा झटका मऊ असतो आणि चूक केल्यावर ती थोडी सवड देते.

घरी परतल्यावर त्याच रात्री: कॉक बंद करून फ्लोट चेंबर रिकामा करा, टाकीतलं मेथनॉल झाकणबंद डब्यात काढा, कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारा. तेल पांढुरकं, ताकासारखं दिसलं तर त्यात मेथनॉल किंवा पाणी उतरलंय, लगेच बदला. सकाळपर्यंत ठेवलंत तर बेअरिंगवर डाग पडायला सुरुवात होते.